खिशातलं हँडल

१

खिशात हँडल असलेला माणूस तारेवर मरत नाही. आमच्या धंद्यात बाकी कशावर एकमत नसेल, पण एवढ्या एका गोष्टीवर होतं. म्हणून त्या लाइनमनच्या खिशात हँडल सापडलं असं फोनवर ऐकलं, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "पुन्हा सांग."

मी सरकारी विद्युत निरीक्षक आहे. विजेनं माणूस दगावला की मला जावं लागतं. त्यामुळे मी कुठल्याही यार्डात पाऊल टाकलं की लोक आधी आपापली माणसं मोजतात. पाठीमागे मला शॉकबाई म्हणतात. मला ते नाव मनातून आवडतं, पण तसं मी कधी दाखवत नाही.

हँडलची भानगड आधीच सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. यार्डातून लाइन बाहेर पडते तिथे लोखंडी चौकटीवर एक मोठा स्विच असतो. लाइनवर काम निघालं की यार्डातला माणूस स्विचच्या भोकात हँडल घालून फिरवतो, की लाइन बंद. मग तो हँडल उपसून काढतो आणि खांबावर चढणाऱ्याच्या हातात देतो. चढणारा ते जवळ घेऊनच चढतो. ते त्याच्याकडे आहे तोवर खाली कोणाच्या बापाला लाइन चालू करता येत नाही, मग कितीही मोठा साहेब येऊन बोंबलो. उतरला की हँडल परत. ना कागद, ना सही. या पद्धतीच्या जिवावर कितीतरी लाइनमन म्हातारे होऊन सुखानं घरी गेले.

मेलेल्या माणसाला सगळे पहिलवान म्हणत. अंगानं काडी होता, म्हणून पहिलवान. आदल्या दिवशी सकाळी लाइन बंद झाली, हँडल त्याच्या हातात आलं, तो चढला, आणि काम अर्ध्यावर असताना लाइन चालू झाली. त्याला खाली उतरवायलाच बराच वेळ लागला.

मी पोचले तोवर पोलिसांनी माणूस पकडलाही होता. पहिलवानाच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच यार्डात स्विचवर कामाला होता. सगळे त्याला मेहुणा म्हणत, साहेबसुद्धा. लाइन बंद त्यानंच केली होती, हँडल त्यानंच दिलं होतं, आणि त्या वेळी यार्डात दुसरं कोणी नव्हतं.

"बाई, सरळ केस आहे," फौजदार म्हणाला. "पूर्वी प्रत्येक स्विचचं हँडल वेगळं असायचं. आता नवीन आलीत ती सगळी सारखी, याचं त्याला बसतं. शेजारच्या स्विचचं हँडल या मेहुण्याच्या कपाटात सापडलं. पहिलवानाच्या खिशात एक, याच्या हातात दुसरं. काल सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडणही झालं होतं, ऐकणारे आहेत. तुम्ही फक्त लिहून द्या की हँडलशिवाय स्विच लागत नाही."

हँडलशिवाय स्विच लागत नाही, हे खरंच होतं. एवढं एक वाक्य मी लिहून दिलं की मेहुणा जन्मभरासाठी आत जाणार होता. मी म्हटलं, उद्या लिहिते.

२

पहिलवानाच्या घरात एक खोली आणि एक स्वयंपाकघर. दाराशी त्याचे बूट अजून तसेच होते. दवाखान्यानं दिलेलं कपड्यांचं गाठोडं त्याच्या बायकोनं मांडीवर धरलं होतं, सोडलं नव्हतं. आलेल्या बायकांना तिनं घरी पाठवून दिलं होतं.

"माझ्या भावाला सोडू नका," मी बसायच्या आधीच ती म्हणाली.

"ताई, त्यानंच केलं असं तुम्हाला का वाटतं?"

"यांना दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं. खात्याचे दोन तुकडे केल्यापासून इथे राम राहिला नाही म्हणायचे. कोण कोणाला विचारतंय तेच कळत नाही म्हणायचे. आम्ही जाणार होतो." तिचा आवाज कोरडा होता. "आई गेल्यावर भावाला मीच वाढवला. त्याला माझ्याशिवाय कोणी नाही. काल सकाळी इथे उंबऱ्यात उभा राहून यांना म्हणाला, ताईला नेऊन तर दाखवा, मग बघतो."

"माणूस रागात बोलतो."

"मग हँडल यांच्याकडे असताना वीज आली कुठून? तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात."

मी गाठोडं मागितलं. फौजदारानं त्यातल्या वस्तूंचे फोटो काढून सगळं घरी पाठवून दिलं होतं, कारण त्याचा सगळा जीव दुसऱ्या हँडलवर होता. गाठ तिनंच सोडली. पॅंट करपलेली होती. खिशातून ते हँडल निघालं.

जुनी हँडलं हातभर लांब असायची, लोक ती कमरेला बांधून चढत. हे नवीन हलकं होतं, मधोमध दुमडणारं. खिशात बसतं म्हणून लाइनमन त्यावर खूश होते, एवढं माझ्या कानावर होतं. त्याच्या मानेवर एक पिवळी पट्टी होती. पट्टीवर परक्या भाषेत काहीबाही छापलं होतं आणि एक बारीकसं कुलूप रंगवलेलं होतं.

"हे कुलूप कशाचं?" मी विचारलं.

"मलाही यांनी दाखवलं होतं. म्हणाले, कंपनीचा छाप असेल." तिनं हँडल माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. मला हे घरात नको."

मी ते पर्समध्ये टाकलं. दारात माझ्या मनात आलं, पहिलवानासारखा चौकस माणूससुद्धा छाप म्हणून सोडून देतो, तर मग याचा अर्थ माहीत कोणाला होता?

३

यार्डात धुकं उतरलं होतं आणि तारांचा घूं आवाज चालू होता. तो आवाज दिवसभर ऐकणाऱ्यांना ऐकू येत नाही. मला येतो.

तारांच्या कंपनीचा इंजिनियर फाटकाशीच भेटला. जुन्या खात्यातला, मऊ बोलणारा, दर दोन वाक्यांनी चष्मा पुसणारा. त्यानं पहिलवानाला उमेदवारीपासून पाहिलं होतं. "घरचा माणूस गेल्यासारखं झालंय हो," तो म्हणाला. मला ते खोटं वाटलं नाही.

इथे त्या दोन तुकड्यांचं सांगायला हवं. पूर्वी एकच वीजखातं होतं. भोंगळ होतं, पण एक होतं. मग सुधारणा आली. खांब, तारा आणि लाइनमन एका कंपनीकडे गेले. कुठली लाइन कधी चालू, कधी बंद, हे ठरवणारा संगणकाचा पडदा दुसऱ्या कंपनीकडे गेला. दोघांनी एकमेकांना सामील होऊ नये म्हणून इकडच्यानं तिकडे परवानगीशिवाय फोनसुद्धा करायचा नाही, असा नियम. त्यातच नवीन मोटरी आल्या. त्या स्विचवर बसवायच्या, म्हणजे दूरच्या पडद्यावरून बटण दाबून स्विच फिरवता येईल. स्विच तारांच्या कंपनीचा, त्यावरची मोटर नियंत्रण कंपनीची. एका लोखंडाला दोन मालक.

"मोटर?" मी त्या स्विचकडे बोट दाखवून विचारलं.

"मोटर बसवली आहे, जोडलेली नाही, हस्तांतरण व्हायचं आहे," इंजिनियर म्हणाला. एका दमात.

मी मोटरीची पेटी उघडली. खरंच, आतली एक वायर सुटी लोंबत होती. तिचं टोक मात्र लख्ख होतं. बाकी पेटीभर धूळ आणि या टोकावर धुळीचा कण नाही. मग मी मोटरीचं चाक पाहिलं. नव्या चाकाच्या दात्यांना ग्रीस ब्रशनं फासतात, त्यावर केसांचे ओरखडे राहतात. चाक फिरलं की दोन दात्यांमध्ये ग्रीस चेपतं आणि ओरखडे जातात. मी टॉर्च मारला. ओरखडे अर्ध्या चाकावर होते. उरलेल्या अर्ध्यावर ग्रीस चेपलेलं होतं.

"हाताच्या हँडलनं हे चाक फिरतं का हो?"

"नाही, हे फक्त मोटरनं." तो बोलून गेला आणि चष्मा पुसू लागला. "कारखान्यात चाचणी घेतात ना, तेव्हा फिरलं असेल."

असेलही. शेजारच्या स्विचचं हँडल पोलिसांकडे होतं, म्हणून मी त्या रांगेतल्या त्याच्याही पुढच्या स्विचकडे गेले. त्याचं हँडल भोकातच होतं. पट्टीवर कुलूप आहे का ते बघायला मी ते उपसलं. इंजिनियर लगबगीनं आला, हँडल माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलं आणि पुन्हा भोकात बसवलं.

"राहू द्या बाई," तो म्हणाला. "ते जागेवर असलेलं बरं."

मला वाटलं, माणूस टापटिपीचा आहे.

४

नियंत्रण कंपनीची इमारत काचेची. आत एवढी थंडी की मी पदर लपेटून घेतला. सुधारणेचे मुख्य साहेब स्वतः सामोरे आले. दोन्ही कंपन्यांवर देखरेख त्यांची. माणूस नखशिखांत चकचकीत, हातसुद्धा असा मिळवला की जणू मी बक्षीस घ्यायला आलेय.

"दुःखद घटना," ते म्हणाले. "पण आमचा संबंध नाही. मोटर बसवली आहे, जोडलेली नाही, हस्तांतरण व्हायचं आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या दोन कंपन्या साध्या फाटकाच्या रंगावरून एकमेकींशी भांडत होत्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं. इंजिनियर आणि साहेब एका वाक्यावर शब्दाला शब्द जुळतात, हे मला फार झोंबलं.

"काल पडद्यावर कोण होतं?"

एक तरुण मुलगी आली. डोळे सुजलेले. साहेब तिच्या शेजारी खुर्ची ओढू लागले.

"साहेब, मला चहा नको आहे," मी म्हटलं, "पण तुम्ही तो आणायला गेलात तर बरं."

ते गेले, पण काचेपलीकडे उभे राहिले.

"तू काय केलंस ते मी विचारत नाही," मी मुलीला म्हटलं. "काय दिसलं तेवढं सांग."

"त्या स्विचचं चिन्ह करडं झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "मग लाइन बंद झाली. मग चिन्ह हिरवं झालं. नंतर शेवटपर्यंत हिरवंच होतं."

"पुन्हा करडं झालं नाही? एकदाही?"

"एकदाही नाही. मी बघत होते."

"करडं कशानं होतं?"

दार उघडलं. "आमच्या यंत्रणेबद्दलचे प्रश्न कृपया लेखी पाठवा," साहेब दारातून म्हणाले. "दोन कंपन्यांमधली माहितीची भिंत आपल्यालाच पाळायची असते."

मुलगी उठली. जाताना तिनं हातातल्या पेनाला टोपण लावलं, माझ्याकडे बघितलं, टोपण काढलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. साहेबांना ती नुसती घाबरलेली दिसली असेल. मी गाडीत बसेपर्यंत तेच डोळ्यांपुढे होतं. टोपण लावलं, टोपण काढलं. चिन्ह करडं झालं, चिन्ह हिरवं झालं.

५

मेहुण्याला भेटायला फौजदारानं नाखुशीनंच परवानगी दिली. कोठडीत एकच बाक होता. मुलगा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मुलगा कसला, तिशीचा बाप्या, पण रडून रडून लहान दिसत होता.

"ताई काय म्हणते?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"तिला वाटतं, तू केलंस."

त्यानं मान हलवली, हे ठाऊकच होतं अशी.

"शेजारचं हँडल तुझ्या कपाटात काय करत होतं?"

"ते भोकात ढिलं बसतं. पडून हरवेल म्हणून आत ठेवलं. हरवलं असतं तरी माझ्यावरच आलं असतं ना."

"आणि भांडण?"

"झालं होतं. सकाळी मी दाजींशी बोलतसुद्धा नव्हतो." त्यानं डोळे पुसले. "पण बाई, राग वेगळा आणि हँडल वेगळं. मी लाइन बंद केली, लगेच हँडल उपसलं आणि त्यांच्या खिशात स्वतः घातलं. वरून थापटलं. रोज तसंच करतो. लग्न झालं तेव्हा ताई म्हणाली होती, यांना सांभाळ. म्हणून मी यांचं हँडल कधी टेबलावर ठेवलं नाही. त्यांच्या खिशात माझ्या हातानंच."

"लगेच उपसलंस?"

"लगेच. एक क्षण भोकात राहू देत नाही मी. राहिलं तर कोणी फिरवेल ना."

तेव्हा मला कळलं. पेनाचं टोपण, पिवळ्या पट्टीवरचं कुलूप, इंजिनियरनं माझ्या हातून हिसकावलेलं हँडल, सगळं एका ओळीत आलं. समोर तो मुलगा आपला उजवा हात पुढे करून दाखवत होता, खिसा कसा थापटला ते. मला त्याला सांगायचा धीर झाला नाही.

बाहेर आले तर फौजदार फोन ठेवत होता. "बाई, जरा लवकर आटपा तुमचं. त्या लाइनवरचं अर्धं काम उद्या सकाळी पुरं करणार आहेत. पहिलवानाच्या जागी मुकादम चढतोय."

"त्या स्विचचं हँडल माझ्या पर्समध्ये आहे," मी म्हटलं. "शेजारचं तुमच्या कपाटात. म्हणजे आत्ता ते भोक रिकामं आहे."

"मग चांगलंच की. कोणी लाइन लावू शकणार नाही."

"फौजदार," मी म्हटलं, "उद्या सकाळी त्या मेहुण्याला घेऊन यार्डात या. मी येईपर्यंत कोणी चढलं तर तुम्हाला आणखी एक पंचनामा करावा लागेल."

६

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि थोडं काम उरकून घेतलं. मग माणसं जमली. इंजिनियर, सुधारणेचे साहेब, मेहुण्याला घेऊन फौजदार. मुकादम पट्टा बांधून तयार होता. मागच्या खोलीत पहिलवानाची बायको त्याचं कपाट रिकामं करायला आली होती. ती दारात येऊन उभी राहिली. भावाकडे तिनं पाहिलं नाही.

"मला फार वेळ नाही," साहेब म्हणाले.

"मला आहे," मी म्हटलं. "स्विच बंद आहे, बरोबर? हँडल हे माझ्या हातात. दुसरं पोलिसांकडे. मोटर जोडलेली नाही, असं तुम्ही दोघं म्हणता. मग लाइन मेलेली आहे. इंजिनियरसाहेब, शिडी लावलीय. वर चढा आणि तारेला हात लावा."

तो हसला, मग हसणं गेलं. "मी कशाला?"

"मुकादम चढणारच आहे ना. त्याच्याऐवजी तुम्ही. हो, एक सांगायचं राहिलं. पेटीत एक वायर सुटलेली होती, ती मी सकाळी जागेवर लावली. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती कधी लागलेलीच नव्हती, त्यामुळे काही फरक पडत नाही. चढा."

इंजिनियर जागचा हलला नाही. मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. सरकारी हुकूम काढून मी त्या मुलीला पडद्यासमोर बसवलं होतं, आणि काही झालं तरी बटणाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

"काय दिसतंय ग?"

"चिन्ह हिरवं आहे," फोनमधून आवाज आला. "माणूस काम संपवून गेला. लाइन तयार आहे. मशीन विचारतंय, लाइन लावू का?"

मुकादमानं पट्ट्यावरचा हात काढला. तारांचा घूं आवाज तेवढा चालू होता.

"सांगू का तिला, लाव म्हणून?" मी विचारलं.

इंजिनियरनं झडप घालून माझ्या हातातलं हँडल ओढून घेतलं आणि स्विचच्या भोकात खुपसलं. दोन्ही हातांनी धरून राहिला.

"करडं झालं," फोनमधली मुलगी म्हणाली. "आता लागणार नाही. हँडल आत आहे."

मी फोन बंद केला. "फौजदार, आता नीट ऐका. या नवीन स्विचमध्ये हँडल भोकात असलं की मोटर बंद पडते. उपसलं की मोटर मोकळी. बनवणाऱ्यांनी ते तसंच बनवलंय. त्यांच्याकडे लाइन बंद केली की हँडल भोकातच ठेवतात, त्याला आपलं कुलूप घालतात आणि किल्ली घेऊन चढतात. पट्टीवर कुलूप रंगवलंय ते त्यासाठी. आपल्याकडे काय पद्धत? उपसा आणि खिशात घाला. जुन्या स्विचवर तेच बरोबर होतं. या स्विचवर त्याचा अर्थ झाला, माणूस गेला, लाइन लावा. मोटरीबरोबर आलेलं शिक्षण पडद्यावरच्यांना मिळालं, कारण मोटर त्यांची. लाइनमनना कोणी काही सांगितलं नाही, कारण मोटर त्यांची नाही. ती मुलगी हिरवं बघून हो म्हणाली. तिला यार्डात फोन करून विचारायची मुभा नव्हती."

"मग दुसरं हँडल?" फौजदारानं विचारलं.

"ते घातलं असतं तर चिन्ह पुन्हा करडं झालं असतं. झालं नाही. या मुलानं काही केलेलं नाही."

मग मी इंजिनियरकडे वळले. "तुम्हाला मात्र माहीत होतं. जुन्या खात्यात मुरलेला माणूस उघड्या भोकाला घाबरत नाही, भोकातल्या हँडलला घाबरतो. काल तुम्ही माझ्याकडून हँडल घेऊन परत भोकात घातलंत. ज्याला ही मोटर चालू आहे हे माहीत आहे, तोच असं करतो."

त्यानं अजून हँडल सोडलं नव्हतं. "चाचणीच्या वेळी दिसलं होतं," तो म्हणाला. "मी साहेबांना सांगितलं. म्हटलं, माझ्या माणसांना सांगू द्या. साहेब म्हणाले, मोटर दुसऱ्या कंपनीची, सूचना संयुक्त समितीकडूनच निघायला हवी. उद्घाटनाची तारीख ठरली होती. मोटरी गुपचूप चालू करून बघत होते. मी सूचनेची वाट बघत होतो. पहिलवान गेल्यावर साहेबांचाच फोन आला, वायर काढून ठेव."

"तोंड कोणी शिवलं होतं तुमचं?" माझा आवाज चढला, आणि मी तो आवरला नाही. "चहा पिताना एक वाक्य बोलायचं होतं. पोरांनो, हँडल काढू नका. रोज समोर होता ना तो?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"भावना समजू शकतो," ते म्हणाले. "पण नोंद घ्या, दोन्ही संस्थांनी आपापल्या नियमांचं पूर्ण पालन केलेलं आहे. संयुक्त समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. विषय तिथे ठेवू."

"वायर काढायला लावणं कुठल्या नियमात बसतं, ते फौजदारांना सांगा," मी म्हटलं. "आणि बैठकीपर्यंत या मोटरी बसवलेल्या एकाही यार्डातून एकही माणूस चढणार नाही. तसा हुकूम मी सकाळीच काढलाय. शहर अंधारात बसलं तर उद्घाटनाला मेणबत्त्या घेऊन या."

पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची चकाकी गेली. फौजदार त्यांच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभा राहिला. चुकीचा माणूस धरला होता याचा राग त्याला आता योग्य जागी काढायचा होता.

७

मेहुण्याच्या हातातली बेडी काढली, पण तो हलला नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. मी एवढ्या मोठ्यानं सगळं समजावून सांगितलं होतं. त्याला आता कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्याची बहीण माझ्यापाशी आली. "म्हणजे हे हँडल आत राहिलं असतं, तर?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "तर ते आज घरी असते, ताई."

"आणि उपसून खिशात कोणी घातलं?"

इंजिनियरनं मान खाली घातली.

"मी घातलं, ताई," मेहुणा म्हणाला. "माझ्या हातानं. वरून थापटलं."

ती त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

"रोज घालत होतास," ती म्हणाली.

"हो."

"आणि रोज हे घरी येत होते."

तो खाली बसला. ती त्याच्या शेजारी वाकली. पहिलवानाच्या कपाटाचं कुलूप तिच्या मुठीत होतं, आत्ताच काढलेलं, किल्ली त्यातच. पितळेचं छोटं कुलूप, हाताळून गुळगुळीत झालेलं. तिनं ते भावाच्या हातात ठेवलं.

"ऊठ. हे लाव तिथे."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं. अर्धं काम लोंबकळत होतं. ती अर्धवट जोडलेली तार खाली रस्त्यावर आली असती तर आणखी कोणी गेलं असतं. मी आधी मोटरीची वायर स्वतः काढली आणि मग मान हलवली. या एका लाइनीपुरता मी माझा हुकूम मोडला.

मेहुणा उठला. इंजिनियरनं हँडलवरून हात काढला. मेहुण्यानं हँडल तपासलं, ढकलून पाहिलं, भोकाजवळच्या कडीत कुलूप घातलं आणि दाबलं. किल्ली काढली. मग सवयीनं वळला, कोणाला तरी द्यायला, आणि हात तसाच राहिला.

"दे," त्याची बहीण म्हणाली.

त्यानं किल्ली मुकादमाला दिली. मुकादमानं ती खिशात घातली आणि वरून थापटली. मेहुण्यानं मान फिरवली.

"मी घरी जातो, ताई," तो म्हणाला. "तू म्हणशील तर गाव सोडून जातो."

"कुठे जातोस?" ती म्हणाली. "तो वर आहे ना. तो उतरू दे आधी."

मुकादम शिडीवर पाय ठेवून चढू लागला. धुक्यात त्याचे बूट तेवढे दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. तो खाली येऊन किल्ली परत देईपर्यंत ती दोघं त्या कुलपापाशी उभी होती. मीही उभी होते.